सुटका

रुग्णालयाचे तीन मोठे संगणक एकच डेटाबेस वापरत. एकाने एखादी नोंद धरली, की त्याने सोडेपर्यंत बाकीच्यांनी तिला हात लावायचा नाही, असा शिरस्ता. तिसरा संगणक सकाळीच बंद पडला होता. त्याच्या वायरीही काढून झाल्या होत्या.

संगणक सांभाळणाऱ्या तिला वरच्या वॉर्डातून डॉक्टरांचा फोन आला. "ताई, मन घट्ट करा. तुमच्या आई गेल्या. तुम्हालाच सांगावं लागतंय, पण त्यांची नोंद बंद करता येईना. तिसऱ्याने धरून ठेवलीय."

"तो तर बंद आहे."

"मग तुम्हीच सोडवा."

तिने नोंद सोडवायची आज्ञा टाइप केली, पण शेवटची कळ दाबायला हात धजेना. डोळे मिटून ती नाम घेत राहिली.

"ताई, थांबा," डॉक्टरांचा आवाज कापत होता. "नाडी लागतेय. आईंनी डोळे उघडलेत."

तिला रडू फुटलं. तेवढ्यात मागून साहेब आले. "सगळं टाइप करून जप करत बसलीस होय गं?" म्हणत त्यांनी वाकून कळ दाबली.

फोन तिच्या कानाशीच होता. पलीकडे डॉक्टर आईंना हाका मारत राहिले.

"ताई," डॉक्टर हळूच म्हणाले, "नोंद सुटली."