चौथ्या मिनिटाला

लिस्बनमधले अकरा ऑनलाइन श्रोते.

हरिपुरातलं हळद साठवायचं जुनं पेव. वीस फूट खोल, रिकामं. तोंडाशी पालथं झोपून आत सोडलेला माइक.

लग्नाचा बायोडेटा. 'व्यवसाय' या शब्दापुढं आईच्या अक्षरात: संगीत (पेटी).

सांगलीच्या नाट्यगृहातला वॉचमन. "ताई, मशीन बिघडलं आसंल तर सांगा, आपला माणूस हाय."

पुण्यातल्या गॅलरीत पहिल्या रांगेत झोपलेला समीक्षक. त्याचं घोरणं रेकॉर्डिंगमध्ये आलं. लोकांना तेवढंच आवडलं.

थोरला भाऊ निमिष, जेवताना. "एक माणूस, मयूरी. एकच. शेवटपर्यंत बसला तर मी परत तोंड उघडणार नाही. नायतर सोमवारपासून माझ्या स्टुडिओत, लग्नाचे व्हिडिओ कापायला."

या सगळ्याला मयूरी गेली नऊ वर्षं करिअर म्हणत होती. सूर नाही, ताल नाही. पडद्यावर सावकाश सरकणारं चित्र आणि खोलीभर पसरत जाणारा आवाज. 'पेव' ही तिची शेवटची रचना, छत्तीस मिनिटांची. पाटणला शाळेच्या हॉलमध्ये ती वाजवायला बोलावलं होतं नाथाजी सरांनी. ते निवृत्त ग्रंथपाल. शहाण्णव माणसं आली. कार्यक्रम फुकट होता आणि सातच्या आत संपणार होता.

सहा वाजता तिनं हेडफोन चढवले.

पहिली तीन मिनिटं नुसतं चित्र होतं. पेवाची काळी, ओलसर भिंत. आवाज चौथ्या मिनिटाला सुरू व्हायचा, तोही इतका खालचा की कानाला कळू नये, पायाला कळावा. दोन मोठे स्पीकर तिनं पडद्यामागं जमिनीकडं तोंड करून ठेवले होते. खिडक्यांच्या काचा बारीक वाजायला लागल्या. वरचे पत्रे थरथरले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच एखादी खोली तिला उलट उत्तर देत होती. तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा सतरंज्या रिकाम्या होत होत्या.

माणसं उठून जाणं तिला नवं नव्हतं. एकेक जण जातो, फोन कानाला लावून, थोडं वाकून, माफी मागितल्यासारखा. इथं अख्खा हॉल एकदम उठला होता. कुणी हुल्लड केली नाही. बायकांनी पोरं काखेला मारली. पुरुषांनी म्हाताऱ्यांना धरलं. दाराशी चपला घालायलाही कुणी थांबलं नाही. मिनिटभरात सगळे बाहेर.

एक उरली. पुढं खुर्चीवर बसलेली म्हातारी. ती दाराकडं नाही, मयूरीकडं यायला लागली. एक माणूस, मयूरीच्या मनात आलं.

म्हातारीनं स्टेजवर येऊन तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

"ऊठ पोरी. भाईर चल."

"आजी, तुम्ही बसा ना. तुम्ही एकट्या बसलात तरी चालतंय मला. अर्धा तास फक्त."

"अर्धा तास कोण देतंय गं बये? ऊठ म्हणते न्हवं!"

तिनं मयूरीचं मनगट धरून ओढलं. मयूरीनं हिसका देऊन सोडवलं. दारातून कुणीतरी ओरडलं, "आवं मनुबाई, या की लौकर!"

"मर मग हितंच," म्हातारी म्हणाली आणि गेली.

पाठोपाठ कुणीतरी मेन स्विच पाडला. पडदा, आवाज, दिवे, सगळं एकदम गेलं.

मयूरीनं अंधारात वायरी गुंडाळल्या. समोरच्या मैदानातून बोलणं ऐकू येत होतं. एक मूल रडत होतं. कुणीतरी मोठ्यानं हसलं. म्हणजे घरी जायची घाई कुणालाच नव्हती. फक्त आत बसायचं नव्हतं. स्पीकर भाड्याचे होते, टेंपोवाला सकाळी नेणार होता. ती मागच्या दारानं निघाली आणि कराडची एसटी धरली.

निमिषचा फोन आला. "बसलं का कोण?"

"नाही."

"एक पण?"

"एक आजी होती. मर म्हणाली."

निमिष हसला नाही. "सोमवारी ये. हळदीची चार शूटिंगं पडून आहेत."

मल्हारपेठ यायच्या आत तिनं 'पेव' लॅपटॉपवरून पुसलं. मग हार्ड डिस्कवरून. मग जिथं अकरा माणसं ऐकायची तिथून. मूळ रेकॉर्डिंगही ठेवलं नाही. ते पेव गेल्या उन्हाळ्यात मुरूम टाकून बुजवलं होतं. वर आता कुणाचं तरी घर होतं. नाथाजी सरांचे चार फोन आले. तिनं घेतले नाहीत. पाचव्याला नंबर ब्लॉक केला.

सोमवारी दहा वाजता ती स्टुडिओत होती. निमिषनं खुर्ची पुसून दिली. "आवाज आपण बाहेरनं घेतो," तो म्हणाला, "तू नुसतं चित्र बघ."

कोयनेच्या खोऱ्यात पायाखालची जमीन गुरगुरली की माणसं आरडाओरडा करत नाहीत. सदुसष्टच्या भूकंपापासून अंगवळणी पडलंय. पोरं उचलायची, म्हाताऱ्यांना धरायचं, मेन स्विच पाडायचा, उघड्यावर जायचं. त्या संध्याकाळी ती शहाण्णव माणसं साडेनऊपर्यंत मैदानात बसून होती, दुसऱ्या धक्क्याची वाट बघत. मनुबाई दोनदा हॉलच्या दारापर्यंत जाऊन पोरीला हाका मारून आली.

भूकंपमापन केंद्रात त्या दिवशी सहा ते सातच्या दरम्यान एकाही धक्क्याची नोंद नाही.