नखभर

"आता हलवून बघा," जयंती म्हणाली.

श्यामसुंदररावांनी माउसवर हात ठेवला. हाताबरोबर माउसही थरथरला, पण टॅबलेटवरचा बाण हलला.

"चालला," ते म्हणाले. "वीस मिनिटं लागली आज. मागच्या रविवारी पंधरा लागली होती."

"म्हातारा झालाय तो, बाबा. नवा घ्या."

"तुला बदलायची फार घाई."

 जयंती चहा टाकायला आत गेली.

माउस त्यांच्या ऑफिसातला, पंधरा वर्षांचा. निवृत्त होताना त्यांनी तो मागून घेतला होता. टॅबलेट मात्र नवा, तिने पाठवलेला. हात कापायला लागल्यापासून बोट एकीकडे टेकवलं की भलतंच काही उघडायचं, म्हणून त्यांना माउस लागायचा. सोसायटीच्या नोटिसा ते पडद्यावरच्या एकेका अक्षरावर बाण नेऊन लिहीत. माउसचा रिसीव्हर नखाएवढा, पण टॅबलेटच्या बारीक खाचेत तो बसत नव्हता. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागे.

या घरात कारणाशिवाय फोन करायची पद्धत नव्हती. आई होती तोवर ती कारणं शोधून करायची. ती गेली, पाठोपाठ जयंतीचा घटस्फोट झाला, आणि बाबांचं मुलुंड आणि तिची अंधेरी यांच्यातलं बोलणं दोन वर्षं बंद पडलं. मग तिने कुरियरने टॅबलेट पाठवला. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"तुझ्या टॅबलेटला माझा माउस लागत नाही."

त्या रविवारी ती कन्व्हर्टर घेऊन आली. तेव्हापासून सात महिने हेच चाललं होतं. सोमवारी सकाळी फोन यायचा, "बंद पडला." ती म्हणायची, "रविवारी येते." फोन तेवढाच. पण रविवारी ती आली की भाजी व्हायची, औषधं बघून व्हायची, कधी आईचा विषयही निघायचा. निघताना ती ओढणीच्या टोकाने टॅबलेट पुसून ठेवायची.

आज चहा झाला, भांडी झाली. टेबलापाशी उभं राहून तिने ओढणीचं टोक हातात धरलं. मग सोडून दिलं आणि पर्स उचलली.

श्यामसुंदरराव दारापर्यंत आले.

"टॅबलेट पुसलास का?"

"स्वच्छ आहे आज."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बरं," ते म्हणाले. "जा मग."

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. ऑफिसात मीटिंग असली तरी जयंती मोबाइल समोर उपडा ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी उलटून बघायची. बुधवारी तिने नंबर काढला आणि तसाच ठेवला. गुरुवार गेला. शुक्रवार गेला.

शनिवारी सकाळी फोन आला तो शेजारच्या भीमराजकाकांचा. बाबा झोपेतच गेले, काका म्हणाले. दूधवाल्याला दार उघडलं नाही तेव्हा कळलं.

दहाव्यानंतर पाहुणे पांगले. भीमराजकाका जेवणाचा डबा घेऊन आले आणि टेबलाजवळच्या खुर्चीत बसले. जयंती टॅबलेट गुंडाळून पिशवीत ठेवत होती.

"हा माउस काका, कुणाला उपयोगी पडला तर बघा. सारखा बंद पडतो, पण."

"बंद पडतो?" भीमराजकाका हसले. "अगं, नीट बसवला की चालतो तो. रिसीव्हर नखभर बाहेर आलेला असायचा, एवढंच. श्यामला काय ते कळत नव्हतं? माझा जुना ट्रॅकपॅड माझ्या नव्या टॅबलेटला त्यानेच जोडून दिला. पाच मिनिटांत."

जयंतीच्या हातातली पिशवी थांबली.

"मग स्वतःच का नाही लावला?"

"हात लावायचा नाही मुद्दाम. आठवडाभर नोटिसा माझ्याकडे येऊन ट्रॅकपॅडवर लिहायचा, पण त्याला हात नाही. सोमवारी उठल्या उठल्या माउस हलवून बघायचा. बाण हलला नाही की गॅलरीतून मला हाक, भीमराज, रविवारी जयंती येतेय रे."

जयंती खाली बसली.

"तो गेला त्या आठवड्यात सोमवारी मात्र हाक नाही आली," भीमराजकाका म्हणाले. "मीच जाऊन बघितलं तर माउस चालू, आणि ह्याचं तोंड एवढंसं. मी म्हटलं, येड्या, ओढ की तो नखभर बाहेर आणि कर फोन. तर म्हणे, खोटं बोलून नाही बोलवायचं मला तिला."

त्यांनी डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"शुक्रवारी संध्याकाळी छातीत भरून येतंय म्हणाला. मी म्हटलं, पोरीला फोन लाव. तर म्हणाला, माउस चालतोय, काय सांगून बोलवू?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच लावायला पाहिजे होता गं. उद्या बघू म्हणाला, मी ऐकलं."

"तुमची काय चूक, काका?"

"चूक कुणाचीच नाही. आठवड्याच्या आठवड्याला बिघडायचा मेला, आणि नेमका त्याच आठवड्यात चालू राहिला. नशीब, दुसरं काय."

डबा गरम आहे तोवर खाऊन घे, असं सांगून ते गेले. जयंतीने दार लावलं. पिशवीतून टॅबलेट पुन्हा बाहेर काढला, होता तिथे ठेवला, कन्व्हर्टर लावला. माउस हलवला. बाण हलला.

तिने ओढणीचं टोक घेतलं आणि टॅबलेट पुसायला लागली. डाव्या कडेशी आल्यावर दोन बोटांत रिसीव्हर धरला आणि सवयीने नखभर बाहेर ओढला. बाण जागच्या जागी थांबला.

"बाबा," रिकाम्या खुर्चीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली, "दर रविवारी मीच ओढून जायचे हा. त्या दिवशी नाही ओढला. कारण नसलं तरी बोलावता का, ते बघायचं होतं मला."