रांजण

क्रूझच्या डेकवर अच्युतरावांचा डोळा लागला की स्वप्नात मामाच्या ओसरीवरचा रांजण यायचा. ते त्यात तांब्या बुडवायचे, ओठांशी न्यायचे, आणि नेमकी जाग यायची. मूत्रपिंडं थकल्यापासून डॉक्टरांनी दिवसाला पाण्याची एवढीशी बाटली बांधून दिली होती.

आताही जाग आली, तर समोर तो अथांग समुद्र. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाईंनी घरून आणलेल्या फुलपात्रात घोटभर पाणी ओतून दिलं. अच्युतरावांनी ते जिभेवर घोळवत गिळलं.

वेटर लिंबू सरबताचे ग्लास घेऊन आला. बाईंनी हसून नको म्हटलं. सकाळी चहालाही त्या नकोच म्हणाल्या होत्या. अच्युतरावांनी नीट बघितलं. बायकोचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"आज काय हरतालिका आहे?"

"तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पिता तेवढंच मीही पिते. सवय झालीय आता."

बोट संथ डुलत होती. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं. अच्युतरावांनी वेटरला परत बोलावलं, एक ग्लास घेतला आणि तिच्या हातात ठेवला.

"माझ्यासमोर पी. सावकाश."

तिच्या गळ्यातून उतरणारा एकेक घोट ते बघत राहिले. बघता बघता त्यांची मान खुर्चीला टेकली.

रांजण आला. या वेळी तांब्या कुमुदिनीच्या हातात होता. ती पोटभर प्यायली, तरी त्यांना जाग आली नाही.