दोन पाती, दोन भेगा

“भेग आहे,” भिंगवाले म्हणाले, आणि शेडमधले सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

सगळे म्हणजे तिघंच. घरच्या गॅरेजमध्ये विमान बनवणारे दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, आणि दादा आकाशात जाणार म्हणून नवी चप्पल घालून आलेली त्यांची धाकटी बहीण. भिंगवाले हे फ्लाइंग क्लबचे तपासनीस. घरी बनवलेलं कुठलंही विमान त्यांच्या भिंगाखालून गेल्याशिवाय जमीन सोडत नसे.

बायकोने हळूच श्वास सोडला. सापडली एकदाची.

ती भेग तिने काल संध्याकाळी स्वतःच्या हाताने लावली होती. डोक्यातला एक पांढरा केस उपटून, प्रोपेलरच्या काळ्याभोर पात्यावर, अगदी बुंध्यापाशी, बिनरंगी नेलपॉलिशने. जरासा वाकडा. लांबून काहीच नाही, पण भिंगाखाली काळजाचा ठोका चुकावा असा.

दुसरा उपायच नव्हता. काही वर्षांपूर्वी नवऱ्याने “विमान बनवू का?” असं विचारलं, तेव्हा ती भाजी निवडत होती. “बनवा की,” ती म्हणाली. वाटलं, महिन्याभरात उतरेल खूळ. खूळ काही उतरलं नाही, गाडी तेवढी गॅरेजमधून उन्हात आली. पुढे तिलाही गंमत वाटायला लागली. प्रोपेलरची दोन्ही पाती दोघांनी मिळून साच्यात घडवली. कार्बनचं कापड तिने पसरायचं, रेझिन डॉक्टरांनी चोपडायचं, आणि आत बुडबुडा राहिला की एकमेकांवर ढकलायचं. एक पातं तिचं, एक त्यांचं, असं ठरूनच गेलं होतं. केस तिने आपल्याच पात्यावर लावला. दुसऱ्याच्या कामात कशाला खोट काढा?

आज पहिलं उड्डाण होतं. नियमाप्रमाणे एकट्याने. “जाऊ नका” हे इतक्या वर्षांत जे तोंडातून निघालं नाही, ते आज कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“अरेरे,” डॉक्टर म्हणाले. डोक्यावरच्या टकलाची भरपाई त्यांनी मिशीत केली होती. ती पांढरी झुबकेदार मिशी ते सकाळपासून हाताने झाकून उभे होते. एरवी येता-जाता विमानाला गोंजारणारा माणूस आज जवळसुद्धा फिरकला नव्हता. मन भरून आलं असेल, असं तिला वाटलं.

“नक्की भेगच आहे ना हो?” बहिणीने विचारलं. “जरा घासून बघा की.”

“ताई, पातेलं आहे का ते?” भिंगवाल्यांनी प्रोपेलर हाताने फिरवला आणि दुसऱ्या पात्यावर भिंग धरलं. “हं. इथेही आहे.”

केस बायकोने एकच लावला होता.

म्हणजे ही खरी. हवेत पातं तुटलं की उरलेल्या अर्ध्याच्या हिसक्याने इंजिनच उखडून निघतं, हे डॉक्टरांनीच जेवताना मोठ्या चवीने सांगितलं होतं. खोटी भेग लावायला गेले आणि शेजारी खरी निघाली!

“दोन्ही बाद,” म्हणत भिंगवाल्यांनी भिंतीवरची करवत काढली. क्लबची रीतच होती ती. तडा गेलेलं पातं शेडमधून सबंध बाहेर जायचं नाही. तिथल्या तिथे कापायचं, म्हणजे भेगेत पुट्टी भरून, रंग फासून कुणी पुन्हा वापरायला नको.

करवत तिच्या पात्याला टेकली. ते पातं करताना तिची बोटं एकमेकांना चिकटून बसली होती, ते तिला आठवलं.

“थांबा!” ती ओरडली. “भेग नाही ती. माझा केस आहे. नेलपॉलिशने लावलाय.”

भिंगवाल्यांनी नख लावलं. केस अलगद सुटून आला. त्यांनी तो उजेडात धरला, मग तिच्या डोक्याकडे पाहिलं. “वहिनी, इतकी वर्षं विमानं तपासतोय मी, पण…” पुढे त्यांना शब्द मिळेनात.

ते नणंदेला मिळाले. “अहो वहिनी, नवऱ्याच्या जन्माच्या हौसेत कुणी केस घालतं? मी नवी चप्पल घालून आले इथे! दादा, बोल की काहीतरी!”

दादांचा मिशीवरचा हात तेवढा घट्ट झाला.

“बोला मला काय बोलायचं ते,” बायको डोळे पुसत म्हणाली. “पण दुसरी मी नाही लावली. ती खरी आहे. कापा आधी ते पातं! आणि असल्या पात्यावर निघाले होते हे!”

भिंगवाल्यांना ते पटलं. करवत दुसऱ्या पात्याकडे वळली.

“थांबा हो,” डॉक्टर बारीक आवाजात म्हणाले. “तीही भेग नाही.”

भिंगवाल्यांनी नख लावलं. काही हललं नाही. चाकूचं टोक लावलं. तरी नाही. “डॉक्टर, वहिनींचा केस फुंकरीने निघाला असता. हे निघतच नाही. भेगच आहे,” म्हणून त्यांनी पुन्हा करवत उचलली.

आता डॉक्टरांना दोन्ही हातांनी करवत धरावी लागली, आणि मिशी उघडी पडली. उजव्या टोकाला चांगलं खिंडार होतं. मनासारखा केस पहिल्या झटक्यात मिळाला नसावा.

बायकोने त्या खिंडाराकडे पाहिलं, मग पात्याकडे.

“नेलपॉलिशने लावल्यावर निघणारच,” डॉक्टर करवत न सोडता, दुखावल्या आवाजात म्हणाले. “हे दातांचं सिमेंट आहे. मी बसवलेलं आजवर कुणाचं निघालंय का?”