तलावाची तिकिटं

बासष्ट सालच्या थंडीत फुलसावंगीजवळच्या एका गावानं तलावाचा बांध फोडून आत कापसाची पऱ्हाटी लावायचं ठरवलं. शाळेतले धनसिंग मास्तर तेवढे आडवे आले. त्या दिवसापासून गावच्या विहिरीवर त्यांची घागर कोणी टेकू दिली नाही.

"बदकं पाहून पोट भरते का, मास्तर? तांड्यातून आला, अन् आमाले शिकवून राह्यला!" उकंडराव पाटील चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले.

यवतमाळच्या कलेक्टर साहेबांना टपाल तिकिटं जमवायचा नाद आहे, हे मास्तरांनी ऐकलं होतं. त्यांनी तलावावरची चक्रवाक, थापट्या, तलवार अशी बदकं हुबेहूब तिकिटांसारखी रंगवली. स्वतःजवळची परदेशी पक्ष्यांची खरी तिकिटंही सोबत घातली आणि ‘तलाव वाचवा’ म्हणून साहेबांना पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं.

‘चित्रं फार आवडली. बांधाला कोणी हात लावू नये, असा हुकूम धाडतो आहे. इतकी बदकं जिल्ह्यात असतील, असं वाटलं नव्हतं. रविवारी मित्रांना घेऊन येतो. यापुढे दर हिवाळ्यात आमची शिकार तुमच्याच तलावावर.’

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि तसेच तडक पाटलांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"आता कायले आला?" उकंडराव खेकसले.


"कुदळ द्या, पाटील. साहेबाचा हुकूम यायच्या आंधी बांध मीच फोडतो."