टोरीचे तेल

१८ जानेवारी २०२५, शनिवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. सहा काडतुसांपैकी दोन वाजली. चार मुकी राहिली.

अहेरीतल्या आपल्या अंगणात इतवारी गुरुजींनी हात खाली घेतला. परिसरातल्या शाळांच्या शर्यती एकतीस वर्षे याच रिव्हॉल्व्हरच्या आवाजावर सुटत आल्या होत्या. त्यातून गोळी सुटत नसे. कोऱ्या काडतुसाचा बार तेवढा होई. गेल्या वर्षी एक बार चुकला होता. यंदा एकही चुकला, तर पुढच्या वर्षापासून भोंगा वाजवायचा आणि गुरुजींना शाल देऊन मंडपात बसवायचे, असे क्रीडा समितीने ठरवले होते. आज दहा वाजता सहा शर्यती होत्या. डब्यात काडतुसेही सहाच उरली होती.

"शाल पांघरून मानूस शर्यत पाहाते का झोपते?" गुरुजी म्हणाले.

रिव्हॉल्व्हर तपासायला बोलावलेल्या अश्वजितभाऊंनी खिशातून भिंग काढले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी अठ्ठावीस वर्षे फिटर घडवले होते. आधी निदान, मग बोलणे, ही त्यांची शिस्त. त्यांनी उडवून पाहिलेली सहाही काडतुसे ताटात ओळीने मांडली आणि एकेक भिंगाखाली धरले. वाजलेल्या दोघांच्या बुडावर घोड्याच्या टोकाचा खोल खळगा होता. मुक्या चौघांवर नखाने दाबल्याएवढी खूण.

"काडतुसं चांगली आहेत. घोडाच हळू मारतो आहे."

"म्हातारा मास्तर छडी मारते तसा."

स्प्रिंग काढून पाहिली. ताण ठीक होता. मग भाऊंनी बाजूचे झाकण उघडले. आत तपकिरी, चिकट साका बसला होता आणि घोडा त्यातून वाट काढत पुढे येत होता. काडीच्या टोकावर थोडा साका घेऊन त्यांनी हुंगला. मोहाच्या बियांचा वास. टोरीचे तेल.

एवढ्यात गुरुजींच्या पत्नी ठमाबाई चहा घेऊन आल्या. या घरात नव्या टोरीचे तेल आले की त्याचा पहिला थेंब अवजारांना मिळे, मगच ते भाजीत पडे. कुऱ्हाड, विळा, भाजी चिरायची पावशी, आणि लग्नानंतर काही वर्षांनी घरात आलेले हे रिव्हॉल्व्हर. ठमाबाईंच्या लेखी तेही धन्याचे अवजारच होते.

"काऊन जी भाऊ, सापडला का रोग?"

गुरुजींनी चष्म्यावरून भाऊंकडे डोळे वटारले. "स्प्रिंग थकली म्हंते भाऊ. हो ना?"

अश्वजितभाऊंची पंचाईत झाली. दोषाचे खोटे कारण त्यांनी आयुष्यात कधी नोंदवले नव्हते.

"हिशोब जुळत नाही, गुरुजी," ते शेवटी म्हणाले. "हा थर फार तर दोन हंगामांचा आहे. त्याआधीचं तेल गेलं कुठे?"

गुरुजी चहाच्या कपात पाहू लागले. ठमाबाई मात्र हसल्या.

"जाईन कुठी? हेच धुवत होते. दर जानेवारीत, मी बाजारात गेली का गोठ्यात बसून. राकेलचा वास मले येत नाई का? मागल्या साली डोयाचं आपरेशन झालं, बारीक स्क्रू दिसे नाई, मंग राह्यलं."

"तुले ठाऊक होतं?" गुरुजींनी मान वर केली. "मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी मले तेल नोको टाकू म्हनलं का कधी?"

भाऊंनी घाईघाईने रॉकेल मागितले.

आठ वाजता घोडा धुऊन, पुसून, जोडून झाला. आता तो चापाबरोबर खट्कन पडत होता. एकदा मार खाल्लेल्या काडतुसांवर परीक्षा घेणे भाऊंना मान्य नव्हते आणि उरलेल्या सहांतले एकही खर्चता येत नव्हते. परीक्षा मैदानावरच होणार होती.

दहा वाजता गुरुजींनी हात वर केला. मुली चुन्याच्या रेघेवर वाकल्या. दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्या ठमाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. कान मात्र उघडे ठेवले.

संध्याकाळी अश्वजितभाऊंनी आपल्या वहीत नोंद केली : दोष, घोड्याखाली टोरीच्या तेलाचा साका. उपाय, दर जानेवारीत रॉकेलने धुणे. स्क्रू मी येऊन उघडून देईन. तेल बंद करू नये. शर्यती सहा, बार सहा.