लाजाळूचं मूळ

पारू संत्री पिळत होती, आणि तिच्या नवऱ्याला मारणारा माणूस बाहेर ओसरीवर मोठ्यानं हसत होता.

शिमग्यानंतर गजाननरावांनी शिकारीत रान उठवायला कशेळ्यापलीकडच्या वाडीवरून हाकारे नेले होते. त्यात पारूचा नवरा कमळ्या होता. जाळीत काही हललं, रावांनी डुक्कर समजून बार काढला. पंचनाम्यात आलं ते एवढंच, की कड्यावरून पाय घसरला. कमळ्याच्या बायकोचं तोंड बघायला राव काही वाडीवर गेले नाहीत. म्हणूनच ती त्यांच्या खालापूरच्या बंगल्यावर कामाला राहिली तरी त्यांनी तिला ओळखलं नाही.

रावांचं पान नेहमी त्यांची बायको गौराबाईच वाढायची. पारूचा हात त्यांच्या खाण्यापिण्याला लागायचा नाही. ती संधी आज आली होती. कनवटीला रानातली जहरी मुळी वाटून ठेवलेली होती.

"रोडावलात हो राव," ओसरीवर मुंबईहून आलेले वकील बाटलीचं बूच काढत म्हणाले. "ही घ्या. संत्र्याच्या रसात शॅम्पेन. याला मिमोसा म्हणतात."

"म्हणजे काय?"

"एका पिवळ्या फुलाच्या झाडाचं नाव. रंग तसाच दिसतो ना! आपल्या लाजाळूचंही शास्त्रातलं नाव मिमोसाच."

"लाजाळू? ती तर आमच्या घरातच हाय! गौरे, ये गं इकडं."

गौराबाई आली. रावांनी मनगटाला बोट लावताच तिनं अंग चोरलं, मान खाली घातली.

"बघितलंत? हात लावला की मिटती. लग्नाला एवढी वर्षं झाली, एक शब्द उलटा नाय."

वकील हसले. "पण मूळ ग्रीक शब्दाचा लाजण्याशी संबंध नाही हां. मूळ अर्थ नक्कल करणारा, सोंगाड्या. हात लावला की मेल्याचं सोंग घेते ना ती, म्हणून."

"सोंग? हिला कुठलं जमायला!" राव खोकेपर्यंत हसले. "जा, रस आण. माझा चांदीच्या पेल्यात."

आत पारूनं पुडी सोडली. कमळ्याला बांबूच्या झोळीत घालून आणलं होतं, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं सगळी मुळी चांदीच्या पेल्यात घातली, वरून रस ओतला आणि ढवळला.

मागं बांगड्या वाजल्या. गौराबाई दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

पारूनं रिकामी पुडी मुठीत दडवली. "वैनी, माझा कमळ्या..."

"ठावं हाय मला. वाडीवरची तू, म्हणून तर कामाला ठेवली."

गौराबाईनं पेला उचलून हुंगला आणि शांतपणे मोरीत रिकामा केला. मग तो विसळून त्यात नवा रस भरला.

"येड्यागत करू नको गं. वकिलासमोर एकदम आडवा झाला तर दोघी फासावर जाऊ," ती हळूच म्हणाली आणि चोळीतून एक लहानशी पुडी काढून तिनं पेल्यात चिमूट टाकली. "श्रावणापासनं रोज एवढंच घालते मी."